घटस्थापना ते त्रिपुरी : गावच्या वाचनालयाचे कार्यक्रम कसे बसवायचे? (कुडाळ, सिंधुदुर्ग)

वाचनालय_कुडाळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कुडाळ तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी विचारतोय. सात वाड्या, सव्वादोनशेच्या आसपास घरं, वाचनालयाला एक हॉल (६० माणसं दाटीवाटीने बसतात) आणि शेजारी देवळाचा सभामंडप वापरायची मुभा. हातात वर्गणीचे ३५ हजार रुपये. कार्यकारिणीने २०२६ साठी काढलेली यादी अशी :

नऊ दिवस भोंडला (११ ऑक्टोबरच्या घटस्थापनेपासून), १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २५ ला कोजागिरीचं दूध आणि भजन, त्यानंतरच्या आठवड्यात तीन व्याख्यानं, आकाशकंदिलाची कार्यशाळा, किल्ले स्पर्धा, दिवाळी अंकांचं प्रदर्शन, पिंगुळीच्या चित्रकथीचा कार्यक्रम आणि शेवटी दशावतार.

काय ठेवावं, काय काढावं आणि कशाला किती सामान लागतं, हे जाणकारांनी सांगावं. कोजागिरीला १५० माणसं धरली आहेत, कंदिलाला ४० मुलं, किल्ले १०-१२.

---

भातखाचर

यादी वाचून पहिला प्रश्न हा पडला की भात कोण कापणार?

हळवं भात घटस्थापनेच्या आसपास कापणीला येतं, निमगरवं कोजागिरीच्या आगेमागे आणि गरवं थेट दिवाळीच्या तोंडावर किंवा नंतर. म्हणजे तुमचे सगळे कार्यक्रम कापणी, झोडणी आणि वाळवणीच्या मधोमध पडतात. त्यात परतीचा पाऊस. तो दिवसभर पडत नाही. सकाळी लख्ख ऊन, दुपारी तीननंतर पूर्वेकडे डोंगरावर ढग चढतात आणि संध्याकाळी विजांसह झोडपून काढतो. आभाळ भरलं की माणूस कार्यक्रमाकडे धावत नाही, खळ्यात पसरलेल्या भाताकडे धावतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

म्हणून ऑक्टोबरमधलं सगळं छपराखाली आणि दिवेलागणीनंतर ठेवा. साडेसात ते साडेनऊ. तीन व्याख्यानं सरळ काढा. बाहेरगावचा वक्ता आणून पुढे १४ माणसं बसलेली बघण्यात कोणालाच आनंद नाही. एकच ठेवा, तेही १२ नोव्हेंबरला, म्हणजे भाऊबीज आटोपल्यावर पण चाकरमानी मुंबईला परतायच्या आधी. विषय गावाशी भिडणारा हवा : सातबारा आणि वारस नोंदी, काजू-आंब्याचा मोहर, नाहीतर जवळच्या किल्ल्याचा इतिहास. दीड तासातली शेवटची तीस मिनिटं प्रश्नांना राखा आणि हे वक्त्याला पत्रातच लिहून कळवा, नाहीतर प्रश्नांची वेळही भाषणातच जाते.

नऊ दिवसांचा भोंडला हा तर हौसेचा हिशेब झाला. भोंडला, हादगा घाटावरचा. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की सुरू व्हायचा, सोळा दिवस चालायचा. आता बहुतेक ठिकाणी नवरात्रात उरकतात. (विदर्भ-खानदेशात त्याच दिवसांत भुलाबाई असते, भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी असा पुरा महिना.) तुमच्याकडच्या बायकांच्या अंगात ठेका आहे तो फुगडीचा, आणि गौरी-गणपतीत तो नुकताच घोळवून झालेला असतो. त्यांना घाटावरची गाणी पाठ करायला लावण्यापेक्षा एक संध्याकाळ फुगडीला द्या.

---

खिरापत

भातखाचर दादा, व्याख्यानांचं पटलं, भोंडल्याचं निम्मंच पटलं. गावात घाटावरून आलेल्या सुना आहेत, शाळेत शिक्षिका आहेत, त्यांना हा खेळ येतो. एक दिवस भोंडला-फुगडी एकत्र ठेवा. नऊ दिवस नको, हे खरंच. तिसऱ्या दिवसानंतर चौघीच उरतात.

करायचं कसं ते सांगते. पाट मधोमध, त्यावर रांगोळीने किंवा तांदळाने हत्ती. पाट जमिनीवर ठेवला की मुलांच्या पायांनी पुसला जातो, म्हणून तीन-चार चिऱ्यांच्या थरावर चढवा. एका फेरात २५ ते ३० जणी, त्यापुढे दुसरा फेर आतून धरा. ५० जणींचा एकच फेर केला की समोरच्या बाजूला गाणं अर्ध्या ओळीने मागे पडतं आणि पावलं विस्कटतात. माईक लावू नका, गाणं सांगणारीला मधे पाटाजवळ उभी करा. सहा-सात गाणी पुरतात, पाऊण तास. मग अर्धा तास फुगडी. सभामंडपात गुळगुळीत लादी असेल तर फुगडी अंगणात घ्या, नाहीतर हॉलमध्ये. घामाने ओल्या तळव्यांनी लादीवर पाय सटकतो आणि डोकं आपटतं.

खिरापत प्रत्येकीने घरून आणायची असं ठरवलं तर आठ डब्यांत शेंगदाण्याचे लाडू निघतात आणि ओळखण्यात मजा राहत नाही. वाडीवार वाटून द्या : सात वाड्या, सात डबे, एकीने काय आणलंय ते दुसरीला कळू द्यायचं नाही. ओळखायला सुरुवात गोड की तिखट, मग भाजलेलं की तळलेलं, अशी करून द्या, म्हणजे लहान मुलीही बोलायला लागतात.

---

भट्टीवाला

कोजागिरीचं मी सांगतो. १५० माणसं, माणशी १५० मिली, म्हणजे वाटायला साडेबावीस लिटर हवं. आटवताना पाचवा हिस्सा उडतो, चार जण दुसऱ्यांदा मागतात, थोडं टोपाला राहतं. ३० लिटर दूध घ्या. गावात एवढं एका वेळी मिळणार नसेल तर डेअरीत आठ दिवस आधी सांगून ठेवा. पिशवीचं घेणार असाल तर फुल क्रीम (६ टक्के फॅट) आणि टोन्ड (३ टक्के) निम्मं-निम्मं करा. नुसतं टोन्ड कितीही आटवा, अंगाला येत नाही.

बाकी सामान : साखर अडीच किलो, बदाम अर्धा किलो, पिस्ते पाव किलो, चारोळी १०० ग्रॅम, वेलची ३० ग्रॅम, जायफळ दीड, केशर २ ग्रॅम. जायफळ जास्त झालं की दूध कडवट लागतं आणि ते काढता येत नाही. केशर कोमट दुधात तासभर भिजवा. उकळत्या दुधात कोरडं टाकलं तर पैसे जातात आणि रंग उतरत नाही.

टोप किमान ५० लिटरचा. तीसच्या टोपात तीस लिटर कोणी घालत नाही असं वाटेल, पण चाळीसचा टोप आणून पहिल्या उकळीला जमिनीवर पाच लिटर घालवणारे बरेच आहेत. बूड जाड हवं. दूध ओतण्याआधी टोप पाण्याने विसळून तळाला पाण्याचा ओलावा तसाच राहू द्या, मग दूध घाला. लाकडी लांब दांड्याचा कालथा घ्या आणि तो बुडाला घासत फिरवा, नुसतं वरून ढवळून भागत नाही. खाली लागलं तर खरवडू नका! वरचं दूध दुसऱ्या टोपात काढून घ्या. करपलेला थर एकदा सुटला की सगळ्या दुधाला तो वास लागतो, मग वेलची घाला नाहीतर गुलाबपाणी.

दूध फाटण्याचं कारण नव्वद टक्के वेळा एकच. चार घरांचं दूध एकत्र ओतलेलं असतं आणि त्यातलं एक सकाळचं, न तापवलेलं असतं. प्रत्येक कॅनमधलं वाटीभर दूध आधी वेगळं उकळून बघा. जे फाटलं ते बाजूला, त्याचा खरवस नाही तरी पनीर होईल. दोन मिनिटांच्या या कामाला कंटाळलात तर ३० लिटर जातं.

साखर शेवटी, गॅस मंद केल्यावर. आधी घातली की बूड लवकर लागतं. मोठ्या शेगडीवर उकळी यायला पाऊण तास धरा आणि आटायला तासभर. साडेआठला वाटायचं तर सव्वासहाला टोप चढलेला पाहिजे. कागदी कप आणू नका. निमंत्रणावरच लिहा, आपापला पेला घेऊन या. कचराही वाचतो आणि दुसऱ्यांदा मागणाराही पेला बघून कळतो.

चंद्र साडेआठला चांगला हातभर वर आलेला असतो. ढग असतील तर थांबून राहू नका, वाटून मोकळे व्हा.

---

वाचनालय_कुडाळ

सगळ्यांचे आभार. व्याख्यान एकच, भोंडला-फुगडी एक दिवस, हे मान्य. वाचन प्रेरणा दिनाला शाळेतच अर्धा तास मोठ्याने वाचन ठेवतोय, त्यात फार काही विचारण्यासारखं नाही.

दोन अडचणी. कोजागिरीचं भजन बारापर्यंत चालवायचं असं ज्येष्ठांचं म्हणणं आहे. माईकचं काय करायचं? आणि किल्ले स्पर्धेचा निकाल लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लावावा की पाडव्याला?

---

माची_बुरूज

किल्ल्यांपासून सुरुवात करतो, बाकीचं पेटीवाले सांगतीलच.

पंचांग उघडून बघा. २०२६ मध्ये नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, ८ नोव्हेंबरला, रविवारी. पाडवा १० ला, भाऊबीज ११ ला. मधला ९ तारखेचा सोमवार रिकामा आहे. परीक्षण त्या दिवशी सकाळी ठेवा, बक्षीस पाडव्याच्या संध्याकाळी. बारा किल्ले, प्रत्येकी १५ मिनिटं म्हणजे तीन तास, आणि सात वाड्यांची पायपीट वेगळी. दोनच परीक्षक ठेवा आणि दोघांनी सगळे किल्ले बघायचे. वाडी वाटून घेतली की गुणांत फरक पडतो आणि मग पाडव्याला भांडण.

माती. आपली तांबडी माती घाटावरच्या काळ्या मातीसारखी वाळल्यावर तडकत नाही, पण ती पाण्याने सुटते. एक सर आली की बुरूज खाली बसतो. तेव्हा सगळा किल्ला मातीचा करायचाच नाही. आतला गाभा फुटक्या चिऱ्यांचा आणि दगडांचा, त्यावर गाऱ्यात बुडवलेलं गोणपाट ताणून बसवायचं, ते एक दिवस सुकू द्यायचं, मग वर बोटभर जाडीचा लेप. लेपाला चाळलेली माती चार घमेली, शेण एक घमेलं, आणि अर्धं घमेलं भाताचं तूस. तुसामुळे लेप धरून राहतो. चाळण नाही केली तर मातीतले खडे वाळल्यावर उघडे पडतात आणि तट देवी आल्यासारखा दिसतो.

हिरवळीला अळीव. ५० ग्रॅम अळीव वाटीभर पाण्यात १५ मिनिटं भिजवा, त्याचा बुळबुळीत गोळा होतो. तो चमच्याने उतारावर पातळ पसरा, त्या चिकटपणामुळे बी उभ्या कड्यालाही धरून राहतं. मोहरी, नाचणी असं धरत नाही, घरंगळून पायथ्याला जमते आणि तिथेच जंगल उगवतं. ८ तारखेला हिरवं दिसायला ३ तारखेला पसरा. पाणी फवाऱ्याने, दिवसातून तीनदा, थोडं थोडं. तांब्याने ओतलं की लेप आणि बी दोन्ही खाली. पहिले दोन दिवस वरून ओलं फडकं टाका, नाहीतर कोंबड्या सकाळी सातच्या आत बी साफ करतात.

जागा सगळ्यांना सारखी द्या, पाच बाय पाच फूट. प्लास्टर ऑफ पॅरिस, थर्माकोल, विकतचे तयार बुरूज बाद. गुण : नकाशाशी साम्य ४०, मुलांनी दिलेली माहिती ३०, मातीकाम २०, परिसर १०. साम्याला ४० ठेवण्यात अर्थ आहे. नाहीतर प्रत्येक वाडीत तोच एक टेकडीवजा गड उभा राहतो, वर महाराज, खाली मावळे, मधे प्लास्टिकचा वाघ, आणि नाव विचारलं की राजगड. राजगड करायचा तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला वेगवेगळा ओळखू आलाच पाहिजे.

माझं ऐकाल तर यंदा विषयच बांधून द्या : जलदुर्ग आणि किनारी दुर्ग. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांतले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन तुमच्याच जिल्ह्यातले. सिंधुदुर्ग मालवणच्या कुरटे बेटावर, पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४. तट वेडावाकडा, गोमुखी दरवाजा, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. मुलांनी या तीन विहिरी दाखवल्या आणि खाऱ्या पाण्याच्या मधे गोडं पाणी असल्याने किल्ल्याला काय बळ आलं हे सांगितलं, तर ३० पैकी २५ द्यायला हरकत नाही. विजयदुर्ग वाघोटण खाडीच्या मुखाशी, तिहेरी तटबंदी. तीन तट तीन उंचीचे दिसले पाहिजेत, सर्वांत आतला सर्वांत उंच. पाणी दाखवायला निळी पावडर ओतू नका, परड्यात उतरून विहिरीकडे जाते. जुनं निळं प्लास्टिक अंथरा, कडेला वाळू.

---

मांडावरचो

किल्ल्याचा सगळा बरा सांगितलास. पण नरकासुराचा काय? ७ तारखेच्या रातीक पोरां नरकासुर घेऊन गावभर फिरतली, ती ८ क सकाळी किल्ल्यार माती लावूक येतली काय? येवची नाय. मातीकाम ५ तारखेक पुरा झाला पायजे, ह्या नियमातच लिवा.

---

माची_बुरूज

बरोबर. ५ ची संध्याकाळ ही शेवटची मुदत. त्यानंतर फक्त पाणी, झेंडे आणि माहितीचा फलक.

---

पेटीवाला

माईकबद्दल. ध्वनिप्रदूषणाच्या नियमाप्रमाणे (२०००) रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवासाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देता येते, ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. यंदाच्या यादीत कोजागिरी आहे का, ते पोलीस ठाण्यात विचारा आणि परवानगीचा अर्ज आठ-दहा दिवस आधी द्या. तारीख यादीत नसेल तर दहाला माईक बंद करून भजन तसंच चालू ठेवा. सभामंडपात ४०-५० माणसांत पखवाज, पेटी, टाळ यांना माईक लागतो कशाला? उलट बुवांचा आवाज जास्त स्वच्छ ऐकू येतो.

आता दशावतार. मंडळाशी बोलायला उशीर करू नका. कार्तिक पौर्णिमेच्या सुमाराला जत्रा सुरू झाल्या की मंडळांच्या नाईटी (एकेका रात्रीचे प्रयोग) देवस्थानांकडे तिथीवर बांधलेल्या असतात, बऱ्याच वर्षानुवर्षं त्याच. यंदा त्रिपुरी २४ नोव्हेंबरला आहे. तुम्हाला वाचनालयाची नाईट हवी तर ती त्याआधीची घ्या, १३ किंवा १४ नोव्हेंबर. चाकरमानीही असतील. जत्रेतला प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत जातो, तो नियमात बसवण्याची खटपट करू नका. संध्याकाळी साडेसहाला सुरू करून साडेनऊला संपणारा प्रयोग मागा आणि हे ठरवतानाच स्पष्ट सांगा. तीन तासांत आडदशावतार (सुरुवातीचा ठरलेला भाग : गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासूर) आणि आख्यान (मुख्य कथा) दोन्ही बसवायचं म्हणजे मालकाला आख्यान त्या बेताने निवडावं लागतं. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात. रंगात आले की वाढतात. पंधरा मिनिटं राहिली की सूत्रधाराला, म्हणजे पेटीवर बसलेल्या बुवाला खूण करा, नटाला नाही.

जागा : वीस बाय पंधरा फूट मोकळी जमीन, मागे पडदा, मधे एक मजबूत बाकडं. तेच सिंहासन, तेच रथ, तेच डोंगर. डगमगणारं बाकडं देऊ नका, त्यावर उड्या पडतात. पेटी, मृदंग, झांज प्रेक्षकांच्या एका बाजूला, नटांना दिसतील असे. रंगायला वेगळी खोली, आरसे, भरपूर उजेड, बादलीभर पाणी, रंग उतरवायला खोबरेल तेल आणि जुनी फडकी. नट स्वतःच रंगतात, दीड-दोन तास लागतात. म्हणजे गाडी चारच्या आत पोचली पाहिजे आणि चहा तयार पाहिजे. जेवण आधी विचारू नका, नंतर द्या. पोटभर जेवून कोणी युद्धनृत्य करत नाही.

माईक : सगळ्यांत मोठी चूक म्हणजे पुढे जमिनीवर स्टँडचे चार माईक. पाय आपटला की धाड धाड आवाज आणि नट माईकजवळ खिळून उभा. दोन माईक वरून टांगा, सात-साडेसात फुटांवर, मुकुटाला लागणार नाहीत असे. पेटीला वेगळा, मृदंगाला नको; मृदंगाला माईक दिला की बाकी काही ऐकू येत नाही. स्पीकर माईकच्या रेषेपुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. मागे ठेवले की शिट्टी मारतात.

वीज : १०० वॅटचे चार एलईडी फ्लड म्हणजे ४०० वॅट, ध्वनी १००० धरा. तीन केव्हीएचा जनरेटर भाड्याने राखून ठेवा. केबल देवळापासून लांब जाणार असेल तर अडीच चौरस मिमीची घ्या, दीडची नको. टोकाला विजेचा दाब कमी होतो आणि ॲम्प्लिफायर गुरगुरतो. ३० मिलिॲम्पिअरचा गळती-ट्रिप स्विच हवाच. नोव्हेंबरमध्ये आठनंतर दव पडतं, जमीन आणि जोड ओले होतात. जोड जमिनीवर टाकू नका, चिऱ्यावर चढवून वर उलटी प्लास्टिकची बादली झाका.

पैशांचं : ३५ हजारांतला सर्वांत मोठा वाटा या नाईटीला जाणार. आधी तो बाजूला काढा, मग उरलेल्यात बाकीचं बसवा. उलटं केलंत की दशावतार रद्द होतो.

---

खिरापत

चित्रकथीचं कोणीच बोललं नाही म्हणून. पिंगुळी तुमच्याच तालुक्यात, तेव्हा गाडीभाडंही मोठं नाही. चित्रं दाखवत कथा सांगायची, ठाकर समाजाची ही कला. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर बाहेरून मागणी वाढली आहे, म्हणून तारीख लवकर विचारा.

दशावताराच्या आधी त्याच स्टेजवर अर्धा तास चित्रकथी, असं कृपा करून करू नका. चित्र हातात धरण्याएवढं असतं, कथा सांगता सांगता एकामागून एक पुढे येतं. १०-१२ फुटांपलीकडे बसलेल्याला नुसता कागद हलताना दिसतो. तुमच्या ६० जणांच्या हॉलमध्ये, सकाळी, ३० मुलांचे दोन गट करून प्रत्येकी एक तास ठेवा. मुलं अर्धवर्तुळात जमिनीवर, सांगणारे त्यांच्याच पातळीवर. खिडकी सांगणाऱ्याच्या पाठीशी नको, चित्र काळं दिसतं. जुनी चित्रं हाताळायला मागू नका, बोटांच्या तेलाने कागद आणि रंग खराब होतात.

चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ हवा असेल तर तो मात्र अंधारातच : ताणलेलं पांढरं कापड, मागून दिवा. हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या तरी फटींतून उजेड येतो, म्हणून तो संध्याकाळी साडेसातला. कळसूत्री बाहुल्या दिवसाही चालतात.

दिवाळी अंकांचं प्रदर्शन मांडू नका, अंक फिरवा. टेबलावर मांडलेला अंक लोक मुखपृष्ठ बघून खाली ठेवतात. पहिला मराठी दिवाळी अंक १९०९ चा, ‘मनोरंजन’चा, ही माहिती फलकावर एका ओळीत पुरे. २५ अंक घ्या, ज्यांना सर्वांत जास्त मागणी असते त्या तीन-चारांच्या दोन-दोन प्रती. पहिले १५ दिवस अंक चारच दिवस घरी, मग आठ दिवस. हे केलं नाही तर चांगले अंक एका वाडीत अडकतात आणि जानेवारीत परत येतात. पिन काढून पाठीला दोऱ्याने शिवून घ्या, दमट हवेत पिना गंजून मधली पानं सुटतात.

---

कामटी

कंदील राहिला.

४० मुलं, दोघांत एक, म्हणजे २० कंदील. सहा चौकोनी चौकटी करा आणि कोपऱ्याला कोपरा बांधा. मधले आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. एका कंदिलाला २४ कामट्या, सगळ्या ९ इंची. २० ला ४८०, मोडतोड धरून ५५०. माणगा जातीचा बांबू घेऊ नका, तो भरीव असतो, पातळ चिरत नाही. पोकळ बांबू, कांड्यांमधला भाग. पेर आलेली कामटी वाकवताना तिथेच तुटते. रुंदी ४-५ मिमी, जाडी २-३. कुसं काढायला पॉलिश पेपर फिरवा, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत बोटांतून कुसळं काढत बसाल. कामट्या मुलांसमोर चिरत बसू नका, कोयता आणि ४० मुलं एका हॉलमध्ये नकोत.

बांबू कार्यशाळेच्या १०-१२ दिवस आधी तोडून, चिरून सावलीत ठेवा. ओल्या बांबूची चौकट आज घट्ट आणि दिवाळीत ढिली, कारण कामटी आकसते आणि दोरा सैल पडतो. गोधडीचा जाड दोरा घ्या, नायलॉनची गाठ सुटते.

कार्यशाळा दोन दिवसांची करा, ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर, शनिवार-रविवार. पहिल्या दिवशी सांगाडा, दुसऱ्या दिवशी कागद. एका दिवसात घाई केली की मुलं सैल सांगाड्यावर कागद चिकटवतात आणि उचलला की तो पिळवटून फाटतो. सांगाडा नीट झाला का बघायचं तर टेबलावर ठेवून वरच्या चौकोनावर तळहाताने हलका दाब द्या. एका बाजूला झुकला तर तिथली गाठ परत बांधा.

पतंगाचा कागद, २० बाय ३० इंची ताव. एका तावात दहा इंची सहा चौकोन बसतात. लागतात पाच, खालचा उघडा ठेवायचा. दुसऱ्या रंगाच्या तावात त्रिकोण, उलटसुलट मांडले तर एका ओळीत पाच असे दोन ओळींत दहा, लागतात आठ. तिसरा ताव झिरमिळ्यांना. म्हणजे ६० ताव, वर पाच जादा. खळ : १०० ग्रॅम मैदा ६०० मिली पाण्यात शिजवून, पारदर्शक होईपर्यंत. एवढी चार कंदिलांना पुरते, म्हणजे पाचपट करा. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, किडा लागत नाही म्हणून. ते विष आहे, मुलांच्या हातात देऊ नका. त्याच दिवशी शिजवा, त्याच दिवशी संपवा. खळ कागदाला नाही, कामटीला लावायची. कागदाला लावली की तो भिजून सुरकुततो आणि ओढताना जातो.

आत ९ वॅटचा एलईडी बल्ब, होल्डर वरच्या चौकोनाला आडव्या कामटीवर बांधून, वायर कागदाला टेकू न देता. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब कोणी घरून आणला तर परत पाठवा. आणि झिरमिळ्या कापल्यावर गुंडाळून ठेवा, कंदील टांगल्यावरच सोडा. दाराच्या चौकटीतून नेताना अर्ध्या तिथेच तुटतात.